सात दहाची सही

१२ नोव्हेंबर २०२५
उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

सम्यक,

नावाच्या आधी काही लिहिलेलं नाही. जे सुचलं ते पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी अडखळतो आणि तू "बरं, बरं" करत राहतोस. लिहिलेलं तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल. उद्या हे पत्र तिसऱ्या कुणाच्या हाती गेलं तर त्यालाही नीट कळावं, म्हणून तुला माहीत असलेल्या गोष्टीही लिहितो. प्रत माझ्याकडे आहे.

१ ऑक्टोबरला, खंडेनवमीच्या दिवशी, क्लबच्या चार सीटांच्या जुन्या विमानात माझा सरावाचा चेक, म्हणजे उड्डाणाची सराव परीक्षा, होती. मी डावीकडे, तू शिक्षक म्हणून उजवीकडे. माझ्या कपाळावर हूड, म्हणजे टांग्याच्या घोड्याला असते तशी झापड. समोरचे काटे दिसतात, काचेबाहेरचं काही दिसत नाही. ढगात असल्यासारखं मी फक्त काट्यांवर उडायचं आणि बाहेर तू बघायचं, हे ठरलेलं. शेंद्र्याच्या बाजूने धावपट्टीकडे येताना अडीच हजार फुटांच्या खाली जायचं नव्हतं. मी गेलो नाही. उंचीचा काटा २५४० वर होता. तू एकदम "माझ्याकडे दे" म्हणालास, कंट्रोल ओढलंस, इंजिनाला पूर्ण जोर दिलास आणि आपण परत वर गेलो.

उतरल्यावर तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. बोललास ते दुसऱ्या दिवशी, थेट फाइलमध्ये. इंग्रजीतल्या तुझ्या तीन ओळी मराठीत अशा होतात: "उमेदवाराने शेवटच्या टप्प्यात विमान ठरलेल्या उंचीखाली नेले. अंदाजे २१५० फुटांवर ताबा घेतला. काटे वाचण्याचा सराव अपुरा."

अंदाजे. विमानाच्या कागदात हा शब्द कोण लिहितं? मला काट्यांवर २५४० दिसत होते. तुला कशावर २१५० दिसले? शेंद्र्याच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर? तू घाबरलास, आणि तुझी भीती माझ्या फाइलमध्ये नोंदवून दिवाळीच्या आत नोकरी बदलून विदर्भात निघून गेलास.

माझं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ढगातून उडायची परवानगी, ३१ जानेवारीला संपते. खरा चेक २० जानेवारीला आहे. परीक्षक आधी फाइल वाचतात. लायसन्स हातात आल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदाच एका कंपनीने मला मुलाखतीला बोलावलं आहे, ५ फेब्रुवारीला. रेटिंग चालू नसलेल्याने येऊ नये, असं त्यांच्याच पत्रात लिहिलं आहे. म्हणून मागणी एकच. शेरा लेखी मागे घे.

गोकुळ

('तुझा' लिहायचं राहिलेलं नाही.)

२ डिसेंबर २०२५

सम्यक,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, औषधाची चिठ्ठी. "शेरा मागे घेणार नाही. सराव सोडू नकोस. चेक दे, पास होशील. काकूंना नमस्कार."

नमस्कार पोचवला. आईने विचारलं, "सम्यक कामून येईना रे? त्याच्यासाठी कारळाची चटणी कुटून ठेवली, दोन महिने झाले." मी म्हटलं, त्याला तिकडे तिखट चालत नाही. तुझ्यामुळे मी आईशी खोटं बोललो, हेही नोंदवून ठेव.

सरावाबद्दल तू मला सांगू नकोस. विमान महिन्यातून एकदाच मिळतं, म्हणून घरी रोज दीड तास बसतो. भिंतीवर काट्यांचं मोठं चित्र चिकटवलंय, समोर प्लास्टिकची खुर्ची, हातात कुकरचं झाकण. आई पलंगावर बसून मी लिहून दिलेली कार्डं वाचते. ती टॉवर, म्हणजे खालून वैमानिकाला सूचना देणारी.

"टावर बोलतंय. कुठवर आलास?"

"आई, असं नाही. आधी माझं नाव घ्यायचं, मग उंची सांगायची."

"बरं. गोकुळ, अडीच हजारावर ये. आन् जेवून घे, वरण गार व्हायलंय."

"टॉवर वरणाचं सांगत नाही."

"मंग त्याला कोण करून घालतंय?"

तू हसशील. हस. तू पहिल्याच वेळेला पास झालास. मला चेकच्या दिवशी पहाटे उलटी होते. तळहाताला इतका घाम येतो की खिशात पावडरची पुडी ठेवावी लागते. दहावीनंतर शाळा सुटलेला, वाळूजच्या कारखान्यात तीन वर्षं पाळ्या केलेला आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी काढलेला मुलगा परीक्षकाशेजारी बसला की त्याला वाटतं, आता हे विचारतील, तुला इथे कुणी बसवलं. भौतिकशास्त्र तूच शिकवलंस, गच्चीवर, हे मी विसरलेलो नाही. पण गच्चीवर शिकवलं म्हणून आयुष्यभर माझ्याबद्दल शेरे मारायचा परवाना मिळत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो. मान्य करत नाही, फक्त लिहितो. त्या दिवशी वर चढताना उंचीचा काटा मला सुस्त वाटला. इंजिन जोरात, नाक वर, आणि काटा सवडीने चालल्यासारखा. खाली येताना कान दडपले, वाऱ्याचा आवाज वाढला, पण काटा म्हणत होता, आपण हळू उतरतोय. मी तोंड उघडलं नाही.

का उघडलं नाही, ते तुला माहीत आहे. गेल्या वर्षी चेकच्या आधी मी तुला तीनदा म्हणालो की इंजिनाचा आवाज बदललाय. तिन्ही वेळा तू म्हणालास, "गोक्या, आवाज तुझ्या डोक्यात आहे. कान खोटं बोलतात, पोट खोटं बोलतं, काटे खोटं बोलत नाहीत." वहीच्या पहिल्या पानावर मी ते लिहून घेतलं होतं. त्या दिवशी मी तुझंच ऐकलं, आणि तू लिहिलंस, काटे वाचता येत नाहीत.

शेऱ्याचं काय ते कळव. चिठ्ठी नको, पत्र लिही.

गोकुळ

२८ डिसेंबर २०२५

सम्यक,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय. पहिल्या तीनही वेळा मी स्वतःला वाचवत होतो.

चेक जवळ आला तशी माझी झोप गेली, म्हणून मी घरच्या सरावात विमानाभोवतीची फेरीसुद्धा धरली. उडण्याआधी विमानाला चालत फेरी मारून चाकं, पंख, तेल, सगळं हाताने बघायचं आणि कागदावर खुणा करून वेळेसकट सही करायची, ती फेरी. विमानाचे फोटो फरशीवर ओळीने मांडले. आई एकेक कार्ड वाचत होती आणि मी फोटोवर बोट ठेवत होतो. डाव्या अंगाचा फोटो आला. मी म्हणालो, "इथलं हे बारीक छिद्र उघडं आहे का ते बघायचं. बाहेरची हवा इथून आत जाते, त्यावर उंचीचा काटा चालतो."

आई वाकून बघत म्हणाली, "ही बेंबी व्हय? ही मला ठाऊक हाय."

"तुला कशी ठाऊक?"

"आरं, खंडेनवमीला तूच नेलं होतंस की पूजेला. समद्या बायांनी नाकाला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, नाकाला तर कुणीबी लावंल. तू जन्मलास तव्हा दाईनं तुझ्या बेंबीला हळद लावली होती, तेलात कालवून. म्हणून तू जगलास, सात महिन्याचा होतास. मी घरून डबीत तेलातली हळद नेली आन् बोटानं दाबून लावली. चांगली बसली."

चांगली बसली, सम्यक. पाण्यातली असती तर वाळून गळून पडली असती. तेलातली होती, म्हणून छिद्र अर्धवट बुजलं. हवा आत जात होती, पण उशिरा. काटा खरं सांगत होता, पण अर्धा मिनिट आधीचं. मला २५४० दिसले तेव्हा आपण खरोखर शेंद्र्याच्या पत्र्यांवर होतो.

आता मी आधी लपवलेलं. तू नाक वर उचललंस तेव्हा मी काट्याकडेच बघत होतो. विमान वर जात होतं आणि काटा खालीच येत होता, २३००, २२००. मी ते पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. उतरल्यावर वाटलं, हेही डोक्यातलंच असणार. नंतर वाटलं, सांगितलं तर म्हणतील नापास झाला म्हणून विमानाला बोल लावतोय.

आणि दुसरं. फेरीच्या कागदावर माझी सही सात वाजून दहा मिनिटांची आहे. पूजा आठला झाली. उड्डाण साडेनऊचं. पूजेनंतर पन्नास माणसांचे हात विमानाला लागले होते, झेंडूच्या माळा काढल्या, नारळाचं पाणी पुसलं, आणि मी पुन्हा फेरी मारली नाही. खुणा सगळ्या केलेल्या होत्या. केलेल्या खुणांकडे बघून मला बरं वाटत होतं. मी पत्राचा प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ तीनदा बघणारा माणूस आहे, आणि मी एका भोकाकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही.

आईला काही बोललो नाही. ती म्हणाली, "पुढचं कार्ड वाचू का?" मी म्हटलं, वाच.

२९ डिसेंबर, याच कागदावर

आज सकाळी हँगरमध्ये गेलो. मेकॅनिक कारभारीमामा एका चाकाखाली आडवे होते. मी विचारलं, खंडेनवमीला या विमानाचं डावं छिद्र कुणी बघितलं होतं का. ते बाहेर आलेच नाहीत, चाकाखालूनच म्हणाले, "इतक्या दिवसांनी कायको पूछ रहा, बाबा?"

"सांगा."

"सम्यकनं दाखवलं. संध्याकाळी. कापसानं साफ केलं आम्ही दोघांनी, मागची नळीपण फुंकून काढली. वो बोला, मामा, कुणाला बोलू नका, गोकुळच्या आईचं काम आहे ते. म्या बोललो नाय."

म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं.

तीन महिने झाले. शेऱ्यात तू लिहिलंस, काटे वाचण्याचा सराव अपुरा. काटा मागे पडत होता हे माहीत असून. मी रोज दीड तास कुकरचं झाकण धरून जो दोष काढत होतो तो माझ्यात नव्हता, आणि जो माझ्यात होता त्याबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस. माझ्या आईवर तू दया केलीस आणि त्यासाठी मला वापरलंस. मला आजवर नापास करणारे पुष्कळ भेटले. खोट्या कारणासाठी नापास करणारा तू पहिला.

गोकुळ

११ जानेवारी २०२६

सम्यक,

या वेळी तू पत्र लिहिलंस. दोन पानं. चार वेळा वाचलं.

त्यातला एक भाग इथे उतरवतो, म्हणजे पुढे तू नाकारणार नाहीस. "पूजेच्या वेळी मी, बौद्ध माणूस, बाजूला चहा पीत उभा होतो, सगळ्यांनी ते पाहिलं होतं. मीच संध्याकाळी म्हणालो असतो की तुमच्या हळदीने आम्ही मेलो असतो, तर काट्याचं कुणी ऐकलं नसतं. म्हणाले असते, ह्याला आमच्या पूजेचंच दुखतं."

हे खरं आहे. तसं म्हणाले असते. दोघे-तिघे कोण, त्यांची नावंही मी सांगू शकतो. हे वाचल्यावर मी अर्धा तास गच्चीवर जाऊन बसलो.

पण खाली आल्यावर राग तसाच होता. कारण तू मला सांगू शकत होतास. पन्नास जणांना नाही, एकट्या मला. काकूंचा डबा दोन वर्षं खाल्लेल्या माणसाला, काकूंच्या मुलाला एवढं सांगता येत नव्हतं? तुला वाटलं, हा घाबरट आहे, ह्याला कळलं तर हा परत विमानात बसणार नाही. पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस, पण दोन पानांत त्याच्या भोवतीच फिरला आहेस. तुला मी कच्चा वाटतो. मऊ वागून तू ते सांगतोस, म्हणून जास्त लागतं.

आणि पुढची खंडेनवमी? दुसऱ्याच्या आईचा हात? त्या दिवशी उजवीकडे बाहेर बघणारं कुणी नसेल तर? हा विचार तुला तीन महिन्यांत एकदाही आला नाही?

मी काल क्लबच्या मुख्य शिक्षकांना, चीफ सरांना, लेखी अहवाल दिला. एक पान, माझ्या अक्षरात. फेरीची वेळ, पूजेची वेळ, उड्डाणाची वेळ. पूजेनंतर पुन्हा फेरी मारली नाही, ती चूक माझी. काटा सुस्त वाटूनही बोललो नाही, ती चूक माझी. छिद्रात काय होतं ते लिहिलं. कुणी लावलं तिथे "पूजेला आलेल्या एका पाहुण्यांनी" एवढंच लिहिलं. पाहुण्यांना मीच आणलं होतं, हेही लिहिलं. तू साफ केलंस आणि नोंद केली नाहीस, हेसुद्धा लिहिलं. ते गाळता आलं असतं. गाळलं नाही.

सर दोनदा वाचून म्हणाले, "हे नसतं दिलं तर वीस तारखेला चेक देऊन मोकळा झाला असतास. तो शेरा काही इतका वाईट नव्हता."

मी म्हणालो, "तो शेरा चुकीचा होता, सर."

"आणि हे?"

"हे बरोबर आहे."

ते म्हणाले, चौकशी होईपर्यंत तुला उडता येणार नाही. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. हात कोरडे होते, पावडर लागली नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, कौतुकासाठी नाही.

गोकुळ

१ फेब्रुवारी २०२६
उस्मानपुरा

सम्यक,

रेटिंग काल रात्री बारा वाजता संपलं. चौकशी २८ जानेवारीला संपली, परीक्षक त्या आठवड्यात उपलब्ध नव्हते. मुलाखतीच्या कंपनीला मी स्वतः कळवलं की येणार नाही. त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं, व्यवस्थित.

तुझं लेखी निवेदन सरांनी मला दाखवलं. तू शेरा मागे घेतलास आणि नोंद न केल्याची कबुली दिलीस. तुझ्या नव्या नोकरीत त्यावरून तुला त्रास झाला असेल तर मी दिलगीर नाही. आपण दोघांनी एकेक कागद उशिरा लिहिला. तुझा माझ्यापेक्षा दोन आठवडे उशिरा आला, एवढाच फरक.

क्लबमध्ये आता नियम झालाय. पूजा, फोटो, पाहुणे, काहीही झालं की आधीची फेरी रद्द, नवी फेरी, नवी सही. कारभारीमामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "गोकुळचा कायदा." सांगताना हसतात. हसू देत.

आईला शेवटी मी सांगितलं. सांगायलाच हवं होतं, नाहीतर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? तिने हळदीची ती डबी घासून पालथी घातली. तीन दिवस टॉवर बंद होता. मी एकटाच खुर्चीवर बसून स्वतःलाच उंची सांगत होतो. चौथ्या दिवशी ती येऊन पलंगावर बसली. मी झाकण हातात घेतलं.

ती म्हणाली, "थांब. खुर्चीवर कामून बसलास? आधी उठ. बेंबी बघ."

"आई, हे घर आहे."

"घर असू दे. बघून ये, मंग टावर बोलंल."

मी उठलो. आता भिंतीवर लावलेल्या विमानाच्या फोटोपाशी गेलो आणि छिद्रावर बोट ठेवून मोठ्याने म्हणालो, उघडं आहे. मग ती म्हणाली, "सम्यकला बी मारलं असतं म्या." कार्ड हातात धरून बसली होती. ते उलटं होतं.

नवा चेक १४ मार्चला आहे. त्याआधी सरावाची तीन उड्डाणं मिळाली आहेत, हूड लावून. उजवीकडे शिक्षक लागतो. सरांनी विचारलं, कोण हवा. मी तुझं नाव दिलं. गैरसमज नको. तू मला कच्चा समजतोस, त्याचा राग मला अजून आहे, आणि विमानात तो राग माझ्या शेजारी बसलेला असेल. पण बाहेर नीट बघणारा आणि वेळेवर ताबा घेणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. माझी अट एक आहे. मला काटा सुस्त वाटला तर मी मोठ्याने बोलणार, दहा वेळा वाटला तर दहा वेळा बोलणार, आणि तू "डोक्यात आहे" म्हणायचं नाही. बघून सांगायचं. तुला काही दिसलं तर तूही बोलायचं, माझ्याशी, तिथेच, चाकं जमिनीला लागायच्या आत.

येणार नसशील तर तसं कळव. चिठ्ठी चालेल.

गोकुळ
सकाळी ७.१०

दुपारी १२.२५, टपालात टाकण्याआधी. मधल्या वेळात पत्र टेबलावर उघडं होतं, म्हणून पुन्हा पूर्ण तपासलं. एक गोष्ट राहिली होती. शेंद्र्यावर तू कंट्रोल ओढलंस म्हणून आज हे पत्र लिहायला मी आहे. आता लिहिली. दुसरी सही करतो.

गोकुळ